दप्तराबरोबर घरही शाळेत येते

बेण्याची निवड, खताच्या मात्रा, तोडणीचे वेळापत्रक आणि साखरउतारा हे आपल्या पत्रिकेचे नेहमीचे विषय. सभासदांनी तेच विचारावे आणि आम्ही तेच सांगावे, असा शिरस्ता पडून गेला आहे. या अंकात मात्र विषय जरा वेगळा घेत आहोत. तो आहे आपल्या घरातल्या आणि शेजारच्या घरातल्या शाळकरी लेकरांचा.

मूल शाळेत मागे पडले की आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो. बाप म्हणतो, "पोट्ट्याचं ध्यानच नाई अभ्यासात." मास्तर म्हणतात, "घरी कोणी लक्षच देत नाही." दोघांचे बोलणे तिथेच संपते आणि मूल मागच्या बाकावर जाऊन बसते ते बसतेच. हे मागे पडणे कितीदा डोक्यातून आलेले नसून घरातून आलेले असते, ते आज पाहू. उदाहरणाला गाव घेतले आहे अमरावती जिल्ह्यातले, वरुड तालुक्यातले शेंदूरजनाघाट.

दुसऱ्या पिकाचे गाव कशासाठी?

शेंदूरजनाघाट सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेलगत वसलेले आहे. गाव संत्र्याचे. जांभेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेल्या तिथल्या संत्र्याच्या कलमा दूरदूरचे बागाईतदार घेऊन जातात, त्यामुळे हे नाव आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तरीही ऊसवाल्यांच्या पत्रिकेत संत्र्याचे गाव कशाला, असे कोणी विचारील.

याला दोन कारणे आहेत. आपल्याच शिवारातले गाव घेतले की वाचणारा मूळ मुद्दा सोडून "हे कोणाच्या घरचं लिहिलं?" याचाच शोध घेऊ लागतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. संत्रा काय आणि ऊस काय, दोन्हींचा पैसा वर्षातून एकदा हाती येतो. वर्षभर खर्च, आणि जमा एकदाच. अशा घरातले मूल त्या जमाखर्चाच्या मधोमध वाढत असते.

बहराचे वर्ष आणि शाळेचे वर्ष

संत्र्याच्या घरचे वर्ष कसे जाते पाहा. आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत निघतात आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरात तोडणीला येते. मृग बहर घ्यायचा तर मे महिन्यात झाडे ताणावर सोडायची, पावसावर फूल धरायचे आणि फळ पुढच्या फेब्रुवारी-मार्चात उतरवायचे. फळ झाडावर हिरवे असतानाच व्यापारी बाग पाहून जातो, सौदा करतो आणि विसार देतो. बाकीचे पैसे तोडीच्या वेळी. मध्येच गळ सुरू झाली, गारपीट झाली किंवा बाजार पडला की ठरलेला भाव बोलण्यापुरताच राहतो. या भागातला पुष्कळ संत्रा बांगलादेशात जात असे. त्या देशाने २०१९ नंतर आयात शुल्क वाढवत नेले आणि त्याचा चटका वरुड-मोर्शीच्या बागाईतदारांना बसला. त्यात विहिरी आणि बोअर खोल खोल जाऊन पाणी आटत चालले. बाग वाचवायची तर आणखी एक बोअर, म्हणजे आणखी कर्ज.

आता याच्या शेजारी शाळेचे वर्ष ठेवा. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडते. वह्या, पुस्तके आणि गणवेशाचा खर्च तेव्हाच निघतो, आणि पेरणीही तेव्हाच असते. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळीची चिंता असते, त्याच सुमारास घटक चाचण्या येतात. दिवाळीच्या आगेमागे सहामाही परीक्षा आणि तोड एकत्रच येतात. मार्चमध्ये दहावीची परीक्षा असते आणि त्याच महिन्याच्या अखेरीला पीककर्जाची फेड करायची असते. घराला जेव्हा जेव्हा घोर लागतो, नेमकी तेव्हाच मुलाची परीक्षा असते. घोर बापाचा खरा, पण एका खोलीच्या किंवा दोन खोल्यांच्या घरात तो बापापुरता राहत नाही. रात्री दिवा मालवल्यावर नवरा-बायको हलक्या आवाजात पैशाचे बोलतात, तेव्हा पोर जागेच असते.

तमिळनाडूच्या ऊसवाल्यांनी शिकवलेला धडा

हा घोर बुद्धीवर कसा बसतो, याचा दाखला आपल्याच धंद्यातला आहे. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादकांची काही संशोधकांनी तपासणी केली आणि २०१३ साली ती 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. एकाच शेतकऱ्याला दोन वेळा कोडी घातली, एकदा तोडीच्या आधी हात आखडलेला असताना आणि एकदा तोडीनंतर पैसा हाती आल्यावर. तोच माणूस तोडीआधी कमी पडला आणि तोडीनंतर चांगला उतरला. मधल्या काळात त्याची बुद्धी काही बदललेली नव्हती. देणेकऱ्याचा आणि घरखर्चाचा विचार डोक्यात जागा अडवून बसला होता, म्हणून कोड्यासाठी जागा उरली नव्हती.

सभासदांनी हे स्वतःशी ताडून पाहावे. उसाचे बिल अडकले असताना आपलेही सहीचे, हिशेबाचे आणि औषधाच्या मात्रेचे घोटाळे होतात की नाही? चाळीस वर्षांच्या कर्त्या माणसाची ही गत, मग नऊ वर्षांच्या पोराने भागाकार करावा कसा? रात्रभर भांडण ऐकून ते सकाळी वर्गात बसलेले असते. फळ्यावर गणित असते आणि त्याच्या मनात चाललेले असते, 'माय मामाच्या गावाला निघून तर नाई ना गेली?'

वर्गात काय दिसते

अनुभवी शिक्षकाला ही मुले ओळखू येतात. पहिल्याच तासाला पेंगणारे मूल असते. कोणी हात वर केला तरी दचकून अंग चोरणारे असते. विनाकारण मारामारी करणारे असते, कारण त्याने घरी तंटा मिटवायची तेवढीच रीत पाहिलेली असते. शाळा सुटली तरी घरी जायला उशीर करणारे असते. खेळाच्या तासालाही भिंतीला टेकून बसणारी मुलगी असते. सोमवारी दुपारच्या आहारात दोनदा भात मागून घेणारे मूल असते, कारण शनिवार-रविवारी घरी चूल धड पेटलेली नसते. शाळेतल्या आहाराची योजना देशात १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर मुलांना शिजवलेले गरम अन्न मिळू लागले. त्या पंगतीकडे नीट पाहिले तर कोणत्या घरात काय चालले आहे ते पुष्कळ कळते.

यात एक प्रकार सहज नजरेतून सुटतो. काही मुले उलट फार शहाणी होतात. वेळेवर येतात, कधी तक्रार करत नाहीत, धाकट्या भावंडांना सोबत आणतात. तोडीच्या दिवसांत माय पहाटेच बागेत गेली की भाकरी थापणे, पाणी भरणे आणि तान्ह्याला सांभाळणे हे सगळे दहा-बारा वर्षांच्या पोरीवर येते. "आमची पोरगी लय समजदार," असे आपण कौतुकाने म्हणतो. हळूहळू तिचे आठवड्याचे दोन दिवस बुडतात, मग चार बुडतात, आणि सातवी-आठवीत नाव गळते. पुढे लवकर लग्नाची बोलणी सुरू होतात. अठराच्या आत मुलीचे लग्न लावणे २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण शाळेतले नाव गळले की त्या पोरीला विचारणारेही कोणी उरत नाही.

बागेत पान पिवळे पडले तर आपण पानाला झोडपत नाही. बुडाशी उकरून मूळ कुजले की पाणी साचले ते पाहतो. लेकराच्या बाबतीत मात्र छडी आधी उचलली जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारण्यास आणि अपमान करून मानसिक त्रास देण्यास मनाई केली आहे. पण मनाई झाली एवढ्याने काम भागत नाही. "अभ्यास काहून नाई केला रे?" या प्रश्नानंतर क्षणभर थांबून उत्तर ऐकून घेणारा शिक्षक त्या मुलाला मिळाला पाहिजे.

बाटलीची गोष्ट

घर नासवणाऱ्या कारणांत दारूचे नाव घेतल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. पैसा आला तर आनंदाने आणि नाही आला तर दुःखाने, पिणाऱ्याला दोन्ही निमित्ते चालतात. अमेरिकेत फेलिटी आणि आंदा या डॉक्टरांनी १९९८ साली प्रौढ माणसांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. लहानपणी घरात मारहाण, दारू, आईला होणारा छळ, घरच्या माणसाचा मनोविकार किंवा तुरुंगवास यांतले काय काय पाहिले, असे त्यांनी विचारले. निम्म्याहून अधिक माणसांनी निदान एक गोष्ट सांगितली. ज्यांच्या वाट्याला अशा चार किंवा जास्त गोष्टी आल्या होत्या, त्यांच्यात पुढे दारूचे व्यसन, उदासीनता आणि जीव देण्याचे प्रयत्न यांचा धोका इतरांच्या चार ते बारा पट आढळला. म्हणजे बापाची बाटली बापाबरोबर संपत नाही, ती मुलाच्या नावावर चढते.

वऱ्हाडाला हे सांगायला अमेरिकेचे डॉक्टर तरी कशाला हवेत? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी झिंगराजी जानोरकर यांच्या घरी डेबू नावाचा मुलगा जन्मला. बाप दारूच्या नादी लागला, त्यात घर धुपले आणि तो अकालीच गेला. आई सखुबाई लेकराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, आली. डेबू मामाची गुरे राखू लागला. पुढे मामाची जमीनही सावकाराच्या घशात गेली. दारू आणि कर्ज, दोन्हींचे चटके या पोराने लहानपणीच सोसले आणि शाळेची पायरी त्याला लाभली नाही. हाच डेबू म्हणजे आपले गाडगेबाबा. बाबांनी जन्मभर कीर्तनांतून लोकांना दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, पोटाला चिमटा घ्या पण लेकरांना शाळेत घाला, असे बजावले. धर्मशाळांबरोबर शाळा आणि वसतिगृहे उभी केली. त्यांचे बोलणे काळजाला भिडे, कारण ते पोथीतले नव्हते, दापुऱ्याच्या गोठ्यातले होते.

पण यावरून "कष्ट सोसले की पोर आपोआप मोठे होते" असा अर्थ कोणी काढू नये. गाडगेबाबा एक झाले. त्या काळी गुरांमागे गेलेली बाकीची पोरे कुठे गेली, त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत.

एक भरवशाचे माणूस

मग अशा घरातल्या मुलाला तारते काय? याचेही उत्तर उसाच्या मळ्यांतूनच आले आहे. हवाई बेटांपैकी काउआई नावाचे एक बेट पूर्वी ऊसमळ्यांचे होते आणि तिथली पुष्कळ घरे मळ्यांवर राबणाऱ्यांची होती. एमी वर्नर या विदुषीने १९५५ साली त्या बेटावर जन्मलेल्या ६९८ मुलांची नोंद ठेवून पुढे कित्येक वर्षे त्यांचा माग घेतला. त्यांतली साधारण तिसरा हिस्सा मुले गरिबी, व्यसन, तंटे किंवा आजार यांनी पोखरलेल्या घरांतली होती. पुष्कळांची पुढे परवड झाली. पण या अडचणीतल्या दर तीन मुलांमागे एक मूल चांगले निघाले, नीट शिकले आणि मायेचे, जबाबदार माणूस झाले.

त्या मुलांत आढळलेली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आईबापांकडून आधार मिळाला नाही तरी त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचे मोठे माणूस होते. कोणाची आजी, कोणाची मावशी, कोणाचा शेजारी, तर कोणाचा शिक्षक. त्या माणसाने लाखाची मदत केलेली नव्हती. तो विचारपूस करी, ऐकून घेई आणि पुन्हा भेटे.

आपल्याकडेही अशी माणसे झाली आहेत. अभ्यासाला जागा नसलेल्या घरांतल्या पोरांसाठी डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला शाळांइतकेच वसतिगृहांकडे लक्ष दिले. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या शिक्षकाने नोकरी सोडून फासेपारधी मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा उभी केली. भीक मागत फिरणारी लेकरे तिथे पाटी-पुस्तक धरू लागली. प्रत्येकाला शाळा काढता येणार नाही हे आम्हीही जाणतो. पण एका पोराच्या पाठीवर हात ठेवणे कोणाच्याही आवाक्यातले आहे.

आपल्या दारातली लेकरे

शेंदूरजनाघाटच्या बागांत तोडीला बाहेरची मजूर कुटुंबे येतात, तशीच गळीत हंगामात आपल्या फडांवर टोळ्या येतात. मुकादमाची उचल घेतलेला नवरा-बायकोचा एक 'कोयता' दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो आणि उन्हाळ्यात परततो. म्हणजे शाळेचे निम्मे वर्ष लेकरू गावी नसते. थंडीत पहाटे माय फडात गेलेली, थोरली कोपीत तान्ह्याला घेऊन बसलेली आणि धाकटा वाढ्यांच्या पेंढ्या बांधतो आहे, हे दृश्य आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की ते दिसेनासेच झाले.

काही ठिकाणी कारखान्याच्या आवारात साखरशाळा भरल्या, काही गावांत मुलांना मागे ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. २०२१ मध्ये शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे काढण्याची योजना मंजूर केली. योजना चांगली आहे. तरीही या हंगामात जे लेकरू आपल्या बांधावर बसलेले आहे, त्याला जवळच्या शाळेत बसवणे हे काम फडमालकाचे आणि आपले आहे. कायद्याने कोणत्याही शाळेला अशा मुलाला दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

सभासदांनी एवढे करावे

पहिली गोष्ट घरातली. पैशाचे आणि भांडणाचे बोलणे मुलांच्या अंगावर होऊ देऊ नका. अडचण लपवायची नाही, पण "यंदा जरा ओढ आहे, तुझी शाळा थांबणार नाही," एवढे एक वाक्य मुलाला स्पष्ट सांगा. ते ऐकले की पोर रात्री झोपते.

दुसरी गोष्ट शाळेतली. घरी आजारपण, मृत्यू किंवा तंटा असेल तर वर्गशिक्षकांच्या कानावर घाला. यात अब्रू जात नाही. प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला. त्या बैठकीत पत्रे आणि रंगरंगोटीबरोबर "महिनाभरात कोणकोणती मुले वारंवार गैरहजर आहेत?" हा विषयही मांडा.

तिसरी गोष्ट शेजारची. एखाद्या घरातला कर्ता पुरुष कर्जापायी जीव देऊन गेला, असे आपल्या वऱ्हाडात फार झाले आहे. त्याच्या पोराला चारचौघांत त्याबद्दल विचारू नका आणि त्या नावाने ओळखूही नका. त्याला त्याच्या नावाने हाक मारा, आपल्या पोराबरोबर अभ्यासाला बसवा. आई किंवा वडील गमावलेल्या, टाकून दिलेल्या किंवा दुर्धर आजाराच्या घरातल्या मुलांसाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे. तिची मदत २०२३ मध्ये दरमहा २,२५० रुपये करण्यात आली. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायचा असतो. एकट्या पडलेल्या विधवा बाईला ते कागद जमवणे जड जाते. आपल्यातल्या लिहित्या-वाचत्या सभासदाने एक दिवस मोडून तिच्याबरोबर जावे. मुलाला मारहाण होत असेल किंवा त्याच्याशी कोणी वाईट वागत असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत.

चौथी गोष्ट फडातली. शाळेच्या वयाचे पोर कामाला लावू नका आणि टोळीतले लावले तर खपवून घेऊ नका. "त्याचे आईबापच म्हणतात," हे उत्तर आपण आपल्या पोराच्या बाबतीत मान्य केले असते काय?

सभासद बंधू-भगिनींनो, कारखान्याच्या काट्यावर उसाची मोळी तोलली जाते. पोराच्या पाठीवरचे घरचे ओझे तोलायला काटा नाही, ते ओळखीच्या माणसालाच दिसते. येत्या आठवड्यात आपल्या गल्लीतले, वस्तीवरचे किंवा फडावरचे असे एक मूल हेरा आणि त्याला विचारा, "काय बाबू, शाळा कशी चालली?" उत्तर "बरी" असेच येईल. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारा. तिसऱ्या-चौथ्या वेळी ते खरे काय ते सांगेल.